तालीम आणि रंगीत तालीम

मुंबईजवळच्या एका शहरातून एका आईचं पत्र आलंय. मुलगी ११ वर्षांची, सहावीत, तीन वर्षं रिदमिक जिम्नॅस्टिक्स (हूप म्हणजे मोठं कडं, चेंडू, रिबन अशी साधनं हातात घेऊन संगीतावर करायचं जिम्नॅस्टिक्स) शिकतेय. सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार असा चार दिवस सराव असतो. गेल्या दोन-अडीच महिन्यांपासून सरावाला जाताना काजळ, गालावर थोडी लाली आणि ओठांना टिंट लावायचा तिचा हट्ट सुरू झालाय. क्लासमधल्या मोठ्या मुली लावतात, मग मी का नाही, एवढंच तिचं म्हणणं. आईने एकदा ठाम नकार दिला, तर मुलगी रडली आणि त्या दिवशी सरावालाच गेली नाही. पुढच्या शनिवारी निमूटपणे साध्या चेहऱ्याने गेली, पण परत आली तेव्हा डोळ्यांत काजळ होतं. क्लासच्या वॉशरूममध्ये मैत्रिणीचं घेऊन लावलेलं. दुसऱ्या दिवशी एक डोळा लाल.

घरात माणसं चार आणि मतं तीन. सासूबाई विचारतात, "व्यायामाला चाललीय की लग्नाला?" नवरा म्हणतो, "लावू दे गं, चार दिवसांचं वेड आहे." क्लासच्या ताईंचं म्हणणं, "स्पर्धेला मेकअप लागतोच, आतापासून सवय झालेली बरी." आणि या सगळ्यांच्या मधे आई. त्या लिहितात, "मला बुरसटलेली आई व्हायचं नाहीये. पण मेकअप केला की ती १५ वर्षांची दिसते, आणि रिक्षा स्टँडवरून तिला घेऊन जाताना माझ्या पोटात गोळा येतो. थांबवू की सोडून देऊ?"

नमस्कार,

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझं उत्तर तयार होतं. सरावाला मेकअप नको, विषय संपला. दोन ओळींत लिहून मोकळी झाले असते. दुसऱ्यांदा वाचताना मात्र एका वाक्यापाशी अडखळले. तुम्ही लिहिलंय, "सोमवारी-बुधवारी ती फार मागे लागत नाही, पण शनिवारी आरशासमोरून हलत नाही." आणि पुढे पानभर अंतर ठेवून, ताईंबद्दल सांगता सांगता, "शनिवारी पालकांना आत बसू देतात, संध्याकाळी ग्रुपवर सगळ्यांचे व्हिडिओ येतात."

ही दोन वाक्यं तुम्ही कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिलीत का?

मला वाटतं, तुमच्या मुलीने ती ठेवली आहेत. सोमवारी सराव असतो. शनिवारी कार्यक्रम असतो. आपण दोन्हीला सराव म्हणतो, पण तिला फरक बरोबर कळलाय. कार्यक्रमाला जाताना माणूस तयार होऊन जातो, हे आपणच मुलींना पाच वर्षांच्या असल्यापासून शाळेच्या गॅदरिंगला शिकवलेलं असतं.

गेल्या वर्षी मी भाचीच्या मुलीचा सराव बघायला गेले होते. तुमच्या मुलीएवढीच ती. भिंतीलगत प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांवर आठ-दहा आया, दोन बाबा, डबा सांभाळत बसलेले एक आजोबा. आजोबा सोडून प्रत्येकाच्या हातात फोन उभा धरलेला. मुलीने हूप उंच फेकला, खाली दोन गिरक्या घेतल्या, हात पुढे केला आणि हूप बोटांना लागून निसटला. घरंगळत पार कोपऱ्यापर्यंत गेला. आता रिदमिकमध्ये साधन हातातून सुटलं की ते किती पावलं धावून आणावं लागलं त्यावर गुण कापले जातात, म्हणजे पडल्या क्षणी पाय उचलायचा हेच तर सरावात अंगी बाणवायचं असतं. तिने काय केलं? आधी खुर्च्यांकडे पाहिलं. कपाळावर आलेली बट कानामागे सारली. मग हूपमागे धावली. आणि माझी भाची, गुणाची पोर, फोन खाली न घेता म्हणाली, "परत कर गं राणी, नीट आलं नाही."

नीट काय आलं नाही? हूपची झेल की व्हिडिओ? मी तेव्हा बोलले नाही. घरी येताना रिक्षात बोलले आणि भाची माझ्याशी दोन दिवस अबोला धरून होती, तो भाग निराळा.

मराठी नाटकवाल्यांकडे यासाठी एक फार चांगला शब्द आहे. रंगीत तालीम. महिना-दीड महिना नट घरच्या कपड्यांत, हातात स्क्रिप्ट, पायात सपाता अशा अवतारात तालीम करतात. चुकतात, हसतात, एकेका वाक्यावर अडून बसतात. कपडेपट आणि रंगभूषा येते ती अगदी शेवटी, रंगीत तालमीला. तीही मिरवायला नव्हे. शालू नेसून जिना चढता येतो का, मिशी घामाने सुटते का, हे प्रयोगाच्या आधी कळावं म्हणून. रोजच रंगीत तालीम ठेवली तर काय होईल, हे कोणत्याही दिग्दर्शकाला विचारा. नट चुकायचं बंद करतील, म्हणजे नवीन काही करून बघायचंच बंद करतील.

कुस्तीचा आखाडाही आपल्याकडे तालीमच. तिथे लाल माती अंगाला लागलेली नसेल तर वस्तादच विचारतो, आज काय नुसता बघायला आला होतास का?

तुमच्या मुलीचा खेळही तसाच मातीचा आहे, फक्त माती दिसत नाही. बघणाऱ्याला दिसते ती सव्वा ते दीड मिनिटाची रचना, १३ मीटर बाय १३ मीटरच्या गालिच्यावरची, संगीत, अंगाला घट्ट बसणारा चकचकणारा पोशाख म्हणजे लिओटार्ड, आणि हसरा चेहरा. मागच्या शेकडो तासांत चेहरा हसरा नसतो. पाय दोन्हीकडे ताणून स्प्लिटमध्ये आणखी दोन बोटं खाली जाताना ओठ दाताखाली येतो. क्लब, म्हणजे हातात फिरवायचं मुदगलासारखं साधन, कपाळावर आदळला की डोळ्यांतून पाणी येतं. अवघड झेल शिकताना जीभ बाहेर येते. या सगळ्यात मुलगी गबाळी दिसते आणि तिने दिसायलाच हवं. माझा विरोध असेल तर तो काजळाला नाही. त्या चार दिवसांतला एक दिवस असा झालाय की तिथे गबाळं दिसायची सोय उरलेली नाही, त्याला आहे.

बरं, तिच्या बाजूनेही बघा. तिने हा खेळ पाहिलाय कुठे? फोनवर. ठाण्याच्या संयुक्ता काळेने २०२२ मध्ये पंचकुलाला झालेल्या खेलो इंडिया युथ गेम्समध्ये पाच सुवर्णपदकं आणली, तेव्हा आपल्या भागातल्या कितीतरी मुलींच्या घरी ते व्हिडिओ पुन्हा पुन्हा लागले असतील. पण व्हिडिओ कोणत्या दिवसाचे असतात? स्पर्धेच्या. मोठ्या खेळाडूचा मंगळवार सकाळचा तिसरा तास कुणी दाखवत नाही. मग ११ वर्षांच्या मुलीची समजूत अशी झाली की जिम्नॅस्ट अशीच दिसते, उठल्यापासून, तर तिचं चुकलं कुठे?

आता तुमच्या भीतीकडे येते. इथे मी थोडं कडक बोलणार आहे, राग मानू नका.

"१५ वर्षांची दिसते आणि पोटात गोळा येतो" असं तुम्ही लिहिलंय. गोळा खरा आहे. मीही मुलगी वाढवलीय, तो गोळा मला ओळखीचा आहे. पण रिक्षा स्टँडवर कुणी वाईट नजरेने बघत असेल तर त्याचं कारण तिच्या डोळ्यांतलं काजळ नाही. साध्या चेहऱ्याच्या, शाळेच्या गणवेशातल्या मुलींकडेही अशा नजरा जातात, हे तुम्हाला आणि मला दोघींनाही लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणून मेकअप नको म्हणायचं असेल तर जरूर म्हणा, पण "लोक बघतील" हे कारण तिला देऊ नका. त्या वाक्याचा अर्थ मुलीच्या डोक्यात असा नोंदला जातो की उद्या कुणी काही केलंच तर ते माझ्यामुळे. मग ती ते घरी सांगणार नाही. आणि लिओटार्ड घालून सराव करणाऱ्या मुलीला हे वाक्य फारच महाग पडतं, कारण काजळ पुसता येतं, लिओटार्डचं काय करणार?

त्यावरून आठवलं. एप्रिल २०२१ मध्ये बासेलच्या युरोपियन स्पर्धेत सारा फॉस ही जर्मन खेळाडू नेहमीच्या उघड्या पायांच्या लिओटार्डऐवजी घोट्यापर्यंत पाय झाकणारा पोशाख घालून उतरली, आणि पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या मुलींचा संघच तसा उतरला. ते आर्टिस्टिक, म्हणजे बार-बीमसारख्या उपकरणांवरचं जिम्नॅस्टिक्स, तुमच्या मुलीचं रिदमिक वेगळं. पण मला आवडलं ते असं की त्यांनी उघड्या पायांना नावं ठेवली नाहीत. नियमांत मुभा आधीपासून होती. जिला ज्यात मोकळं वाटेल तिने ते घालावं, इतकंच म्हणणं. मोकळं वाटतंय का, हा प्रश्न तुमच्याही घरात कामाला येईल. काजळ लावून झेप घेताना तिला मोकळं वाटतं की सारखा हात डोळ्याकडे जातो? हे तुम्ही ठरवू नका. तिला विचारा.

क्लासच्या ताईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, कारण अर्धं बरोबर आहे. रिदमिक हा कलात्मकतेचेही गुण मिळणारा खेळ आहे. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला तो ऑलिंपिकमध्ये आला तेव्हापासून तिथे तो फक्त मुलींचा आहे, आणि वेश, केस, चेहरा ही त्याची सगळी परंपरा रंगमंचाच्या अंगाने गेलेली आहे. स्पर्धेत परीक्षक लांब बसतात, दिवे प्रखर असतात, साधा चेहरा फिका पडतो. तेव्हा स्पर्धेच्या दिवशी मेकअप असणं मला काही गैर वाटत नाही. भरतनाट्यमच्या मुली नाही का डोळे कोरत? पण आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनी मेकअपबद्दल काय म्हटलंय तेही बघा. तो स्वच्छ आणि हलका असावा, नाटकी मुखवटा नको. हलक्या मेकअपची "सवय" व्हायला आठवड्याचे चार दिवस कशाला लागतात? स्पर्धेआधी दोन रंगीत तालमी पुरे. त्यात पूर्ण वेश, घट्ट अंबाडा, पिना, स्प्रे, मेकअप सगळं करा आणि मग रचना तीनदा करून घ्या. काय टोचतं, काय ओघळतं, काय हाताला लागतं ते लगेच कळेल. ताईंना हे असं सांगितलंत तर त्यांना त्यात टीका दिसणार नाही, उलट उपयोगी वाटेल असा माझा अंदाज आहे.

हाताला लागतं म्हणाले ते उगाच नाही. मी लहानपणी दोरीचा मल्लखांब करायचे. आमच्या बाई दोरीपाशी पाठवण्याआधी आमची नखं बघत आणि पोटऱ्यांवरून बोट फिरवत. कुणी आंघोळीनंतर पावडर थापून आली असेल तर तिला सरळ नळावर पिटाळत. पायाच्या अंगठ्यात दोर धरून उलटं लटकायचं, तिथे पावडर म्हणजे निसरडं. तेव्हा आम्हाला तो जाच वाटायचा. रिदमिकमध्ये चेंडू एका हाताच्या बोटांपासून छातीवरून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत घरंगळत न्यायचा असतो. दंडाला क्रीम किंवा चकाकी लावलेली असेल तर तो कधी सटकतो, कधी चिकटतो. ओठांवरचं, गालांवरचं काही घाम पुसताना तळहाताला लागलं की तेच क्लबच्या मुठीला लागतं. आर्टिस्टिकवाल्या मुलींच्या पालकांनी तर जास्तच लक्ष द्यावं. तिथे हात लटकायच्या बारवर असतात, आणि ज्यावर तोल सांभाळायचा तो बीम १० सेंटिमीटर रुंद असतो, त्यावर असताना डोळ्यात घामाबरोबर काजळ उतरलं तर मुलगी डोळा चोळायला हात उचलणारच. मला वाटतं मुलींना पटणारं कारण हे आहे. संस्कार, शोभतं, शोभत नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यावरून जातं. "चेंडू सटकेल" हे लगेच कळतं, कारण चेंडू सटकलेला त्यांनी पाहिलेला असतो.

तुमच्या पत्रातली आणखी एक गोष्ट मला राहून राहून खुपतेय. तुम्ही सहज लिहून गेलात की ती तुमचाच कॉम्पॅक्ट वापरते आणि "तो तिला जरा पांढरा दिसतो." काजळ आणि टिंट मी समजू शकते, ते मोठ्या मुलींचं बघून आलं. कॉम्पॅक्ट कुठून आला? स्वतःच्या रंगाहून एक छटा उजळ काहीतरी चेहऱ्यावर थापायचं, हे ११ वर्षांच्या मुलीला कुणी सुचवलं? मी कुणावर आळ घेत नाही. पण आपल्या घरांत "बापावर गेलीय, सावळी आहे पण नाकीडोळी नीटस" हे वाक्य किती प्रेमाने म्हटलं जातं ते तुम्हाला माहीत आहे. त्यातला तो "पण" मुली फार लवकर ऐकतात. क्लासमध्ये कुणी चिडवलं असेल, व्हिडिओत शेजारच्या गोऱ्या मुलीशेजारी स्वतःला पाहून तिलाच काही वाटलं असेल, किंवा कपाळावर पहिली पुटकुळी आली असेल. तसं असेल तर आपण मेकअपबद्दल बोलतच नाही आहोत, आणि काजळावरून वाद घालून ती गोष्ट कधीच बाहेर येणार नाही.

चेहरा ठीकठाक केला की बोलणाऱ्यांची तोंडं बंद होतात, असंही नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गॅबी डग्लस या १६ वर्षांच्या अमेरिकन मुलीने ऑल-अराउंडचं, म्हणजे सगळे प्रकार मिळून असलेलं, सुवर्णपदक जिंकलं, आणि तिच्या देशात इंटरनेटवर लोक तिचे केस नीट बसलेले नाहीत यावर बोलत होते. जगातली सर्वोत्तम जिम्नॅस्ट ठरल्यावर ही कथा. मुलग्यांच्या केसांवर अशी चर्चा झालेली मला तरी आठवत नाही.

तर बोलायचं कसं? समोरासमोर बसवून "आपल्याला बोलायचंय" असं नको, त्याने ११ वर्षांची मुलगी शिंपल्यासारखी मिटते. सरावाहून येताना, किंवा रात्री तिचा अंबाडा सोडवताना पिना एकेक काढत असता ना, तेव्हा. ती पाठमोरी असते, तुमचे हात कामात असतात, चेहरे दिसत नाहीत. विचारा, "शनिवारी सगळे बघायला बसतात तेव्हा कसं वाटतं गं?" आणि मग गप्प बसा. ती "काही नाही" म्हणेल. आणखी दोन पिना काढा.

शक्य झालं तर एक कबुलीही द्या. तुम्हीच लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी पहिल्या स्पर्धेला तुम्ही रात्रभर व्हिडिओ बघून तिच्या पापण्या निळ्या केल्या होत्या आणि सगळ्यांनी "किती गोड दिसतेय" म्हणून फोटो काढले होते. त्या स्पर्धेत तिने काय केलं, रिबन अडकली की नाही, ते पत्रात कुठे नाही. मला तुम्हाला टोचायचं नाहीये, आम्ही सगळ्यांनी हेच केलंय. पण "मी त्या दिवशी तुझ्या पापण्यांचेच फोटो काढले, तुझ्या उडीचा एकही नाही काढला" हे आईच्या तोंडून ऐकलं तर मुलीला बरंच काही समजेल, आणि तिच्यावर काही लादल्यासारखंही होणार नाही.

आता तुमचा सरळ प्रश्न, थांबवू की सोडून देऊ. एकट्या तुमच्या मुलीला थांबवू नका. बाकीच्या लावतात आणि तिला बंदी, तर तिचा साधा चेहरा हीच शिक्षा होईल, आणि वॉशरूम आहेच. नियम करायचा तर सगळ्या क्लासला एक. त्यासाठी तीन-चार पालक मिळून ताईंकडे जा. एकटीने गेलात तर "अमकीच्या आईला प्रॉब्लेम आहे" होतं, चौघींनी गेल्यावर ती सूचना होते. मागणी दोनच गोष्टींची करा. सरावाला चेहरा साधा, स्पर्धेआधीच्या दोन रंगीत तालमी सोडून. आणि शनिवारी फोन पिशवीत. ताईंना शिकवण्यासाठी चित्रीकरण हवं असेल तर ते त्यांनी स्वतः करावं, ज्या मुलीचं तिला आणि तिच्या घरच्यांना दाखवावं, सगळ्यांच्या ग्रुपवर टाकू नये. लिओटार्डमधल्या लहान मुलींचे व्हिडिओ ७०-८० लोकांच्या ग्रुपवर फिरतात आणि तिथून कुठे जातात कुणाला ठाऊक? तुमच्या पोटातल्या गोळ्याची खरी जागा रिक्षा स्टँडपेक्षा इथे आहे, असं मला वाटतं.

एक मात्र सांगते. फोन बाहेर जाऊ देत, पालक बाहेर जाऊ नयेत. "पालकांमुळे मुलींचं लक्ष विचलित होतं, उद्यापासून कुणीच आत नको" असा तोडगा क्लासकडून येऊ शकतो. तो घेऊ नका. अमेरिकेत लॅरी नासर या जिम्नॅस्टिक्स संघाच्या डॉक्टरविरुद्ध २०१८ मध्ये दीडशेहून जास्त मुली आणि स्त्रियांनी न्यायालयात उभं राहून त्याने केलेल्या लैंगिक अत्याचारांचे आपले अनुभव सांगितले. टेक्सासमधल्या ज्या जागी त्यांची राष्ट्रीय शिबिरं भरत, तिथे पालकांना प्रवेशच नसे. तेव्हा खुर्च्या राहू द्यात. फक्त त्यांवर त्या आजोबांसारखं बसायला शिकू, डबा मांडीवर घेऊन.

ताईंनी ऐकलं नाही तर? किंवा ऐकायला महिना लागला तर? तोवर घरात तह करा. सोमवार ते शुक्रवार काही नाही, यावर ती बहुधा फार भांडणार नाही, कारण त्या दिवसांत तिला ते नकोच आहे. शनिवारी फार हट्ट असेल तर ओठांना टिंट लावू द्या. हो, लावू द्या. डोळ्यांत काही नाही, हातापायांवर काही नाही, कॉम्पॅक्ट नाही, आणि घरी आल्यावर आधी तोंड धुवायचं, मग खायचं. कॉम्पॅक्ट उचलून कुलपात ठेवू नका, "हा माझ्या रंगाचा आहे, तुझ्या रंगाचा नाही" इतकंच म्हणा. रविवारी दुपारी घरात दोघी मिळून वाटेल ते रंगवा, निळ्या पापण्या, हिरव्या पापण्या. मेकअप हा खेळ म्हणून मला फार आवडतो. सासूबाईंना पण बसवा. "लग्नाला चाललीय का" म्हणणाऱ्या बायकांना स्वतःच्या लग्नातल्या मुंडावळ्या आणि हळदीने पिवळं झालेलं तोंड आठवायला लावलं की त्या नातीच्या बाजूने होतात, हा माझा अनुभव आहे.

ज्यांच्या मुली १५-१६ च्या आहेत त्यांनी मात्र हे सगळं जसंच्या तसं उचलू नये. त्या वयात चेहऱ्यावर पुटकुळ्यांचे डाग असतात आणि थोडं झाकलं तर मुलगी सरावाला येते, नाहीतर येतच नाही, असंही असतं. तिने यावं हे महत्त्वाचं. तिला घाम आणि पकड यांची कारणं सांगा आणि निर्णय तिच्यावर सोडा. त्वचेच्या डॉक्टरांकडे नेणं हे कॉम्पॅक्टपेक्षा जास्त उपयोगी आहे, तेही सांगून ठेवा. आणि एका बाबांचं पूर्वी पत्र आलं होतं, त्यांचा मुलगा जिम्नॅस्टिक्सला जातो आणि त्यालाही काजळ लावायचं होतं. त्यांना उत्तर तेच, चेंडू आणि बार मुलगा-मुलगी बघत नाहीत.

तुमच्या यजमानांचं "चार दिवसांचं वेड" हे खरंही ठरेल कदाचित. पण त्यांनी एकदा शनिवारी खुर्चीत जाऊन बसावं, फोन घरी ठेवून, आणि परत येताना तिला एवढंच विचारावं की आज हूप कितीदा पडला. आकडा मोठा असेल तर म्हणावं, मग भारी शिकत असणार काहीतरी.

शेवटी डोळा. पत्र लिहून तुम्हाला आठवडा होऊन गेला असेल. लाली अजून असेल, चिकट पाणी येत असेल किंवा उजेड सहन होत नसेल तर घरगुती उपाय करत बसू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि बरा होईपर्यंत तिला क्लासला पाठवू नका. डोळे आलेल्या एका मुलीकडून मॅटवरच्या बाराजणींचे डोळे यायला वेळ लागत नाही. ते काजळ ज्या मैत्रिणीचं होतं, तिच्या आईलाही एक फोन करा. भांडायला नव्हे. तिच्या मुलीचाही डोळा लाल असेल, आणि तिनेही तो कुणाला सांगितला नसेल.